ज्वारीच्या रानातला चौकोनी ड्रायव्हर

समीक्षानं पुण्याहून पाठवलेलं लांबडं खोकं उघडलं, तेव्हा मला वाटलं, पोरीनं चुकून कुणाची इस्तरी पाठवली, तीही दांडा लावून. आमचे हे खोक्यात नुसते डोकावले आणि परत टीव्हीसमोर जाऊन बसले. म्हणाले, "चौकोनी ड्रायव्हर आहे. झाकून ठेव."

गोल्फमध्ये पहिला लांब फटका ज्या काठीनं मारतात, तिला ड्रायव्हर म्हणतात. तिचं डोकं एरवी गोलसर असतं. याचं डोकं चौकोनी होतं, चारी कोपरे नीट दिसत होते. समीक्षानं ते तिच्या ऑफिसातल्या कुणाकडून जुनं घेतलं होतं. फोनवर तिनं मला समजावून सांगितलं, की याचं वजन मागच्या कोपऱ्यांत लोटलेलं असतं, त्यामुळं हाताची पकड सैल असली तरी डोकं फिरत नाही आणि चेंडू सरळ जातो. मग लोक हे वापरत का नाहीत, मी विचारलं. "दिसायला बरं नाही म्हणून सोडलं गं मम्मी," ती म्हणाली. रूपापायी चांगली वस्तू सोडणारी माणसं गोल्फमध्येही आहेत तर.

लातूरला कुठलं आलं गोल्फ, असं लोक मला विचारतात. उत्तर देऊन देऊन मी थकलेय, म्हणून एकदाच सांगते. आमचे हे, आनंदराज सोनकांबळे, मिलिटरीच्या इंजिनिअरिंग खात्यात एकवीस वर्षं सिकंदराबादला होते. तिथल्या मैदानाच्या पाइपलाइनी सांभाळता सांभाळता खेळ शिकले. मी टेलिफोन खात्यातली, बदल्या मागून मागून यांच्या मागं फिरले. निवृत्त होऊन लातूरला आलो, तर काठ्या आहेत आणि मैदान नाही. तेव्हा मुरुडचे ग्यानोबा भाऊजी पुढं आले. हे दोघं मुरुडच्या शाळेत एका बाकावरचे. ते म्हणाले, "ज्वारी निघाली की मिरगापर्यंत रान रिकामंच ऱ्हातंय. खेळ की तू."

तेव्हापासून नऊ वर्षं झाली. मार्च ते मे, दर रविवारी सकाळी. बाकीच्या जगात भोकाभोवती हिरवळ असते. आमच्याकडं साखराबाई, ग्यानोबांच्या मालकीण, जुन्या मळणीच्या खळ्यासारखं गोल खळं शेणानं सारवून देतात. मधोमध भोक, भोकात झेंडा. अशी पाच खळी आहेत. चेंडू धसकटात गेला, तर उचलून पायपुसण्याच्या तुकड्यावर ठेवायचा आणि मारायचा, हा आमचा नियम. माझ्या सासऱ्यांनी याच शिवारात रोजानं नांगर धरला. तिथं त्यांचा मुलगा पांढरी टोपी घालून काठी फिरवतो, याचं मला फार सुख वाटतं आणि ते मी कुणापासून लपवत नाही.

गेल्या दिवाळीत यांना अर्धांगाचा हलका झटका आला. वाचा आली, पाय आला, फक्त डाव्या हाताची पकड सैल राहिली. मार्चच्या पहिल्या रविवारी हे हौसेनं रानात गेले आणि मारला तो प्रत्येक चेंडू उजवीकडं गेला. काठीचं डोकं हातात फिरत होतं. घरी येऊन पिशवी माळ्यावर टाकली. त्या दिवसापासून हे माझ्याशी भांडेनात. भाजीत मीठ जास्त पडलं तरी गुमान खायचे. चाळीस वर्षं ज्याच्याशी रोज एक तरी वाद घातला, तो माणूस समोर बसून मान हलवतो, हे किती वाईट असतं ते मी सांगू शकत नाही. मला काही करून तो माणूस रानात परत न्यायचा होता.

म्हणून खोकं आलं त्याच्या पुढच्या रविवारी मी पिशवी खाली काढली, चौकोनी ड्रायव्हर तिच्यात कोंबला आणि यांना म्हटलं, "गाडीत बसा. साखराबाईंकडून ज्वारीचं पीठ आणायचंय." यांना सगळं कळत होतं. तरी बसले.

रानात नरसिंग आणि वीरेश आधीच आलेले. नरसिंग मुदखेडचे, रेल्वेतून निवृत्त. वीरेश निलंग्याचे, बँकेत मॅनेजर होते. दोघंही यांच्याच हाताखाली खेळ शिकले. ग्यानोबा भाऊजी खेळत नाहीत. बांधावर बसून प्रत्येकाच्या फटक्यावर निकाल देतात. मी ड्रायव्हर बाहेर काढला, तसे तिघंही जवळ आले.

"हे काय हाय वैनी?" नरसिंग म्हणाले. "यात पोहे भरून आणलाव का?"

"अय्यो, नियमात तरी बसतंय का बघा," म्हणत वीरेशनी मोबाइल काढला. बसत होतं. ते त्यांना जरा आवडलं नाही. "बसू दे. पर असलं घेऊन मी हुबा ऱ्हाणार न्हाई. लोक काय म्हणतील?"

"इथं लोक कुठायत?" मी विचारलं. "तुम्ही, मी आणि साखराबाईंची म्हैस."

ग्यानोबांनी डोकं हातात घेऊन फिरवून पाहिलं, चारी कडांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "घडण सरळ हाय. बाकी मला कळत न्हाई."

यांनी हातमोजा घातला तेव्हा मी देवाला मानत नसूनही हात जोडायच्या बेतात होते.

आमचा पहिला फटका मारायचा तो धसकटांच्या ओळींच्या ऐन मध्ये उभं राहून. पुढं रानाला मध्येच चढ आहे, त्यामुळं खळं दिसत नाही. चढापलीकडं दोन झाडांचे शेंडे तेवढे दिसतात, चिंच आणि तिच्या उजवीकडं पंचवीस-तीस पावलांवर लिंब, म्हणजे कडुलिंब. खळं चिंचेच्या पुढ्यात. यांनी चेंडू खुंटीवर ठेवला, चौकोनी डोकं त्याच्या मागं टेकवलं आणि त्याची कड धसकटांच्या ओळीला नीट जुळवली. नरसिंगनी मान डोलावली. "बराबर. ग्यानोबाची ओळ हाय, तिला कड लावली की काम झालं."

ते खरंच होतं. पेरणीत तिफणीची पहिली ओळ ज्याची सरळ, त्याचं सगळं रान सरळ. ग्यानोबा दरसाल चिंचेवर नजर ठेवून पहिली ओळ धरतात. मुरुडात पंधरा-वीस घरं पहिल्या ओळीसाठी त्यांना बोलावून नेतात, चहा पाजतात, टोपी देतात.

यांनी मारला. रिकाम्या डब्यावर दगड बसावा तसा आवाज झाला, म्हैस उठून उभी राहिली. चेंडू छान उंच गेला आणि लिंबाच्या दिशेनं उजवीकडं दिसेनासा झाला. दुसरा तसाच. तिसराही तसाच, कड ओळीला जुळवून.

यांनी हातमोजा काढला. "बास. काठीचा दोष नाही. हातच गेलाय माझा. महामाया, समीक्षाला सांग, परत पाठवून देतो."

"थांबा साहेब," नरसिंग म्हणाले. त्यांनी तोच ड्रायव्हर घेतला, कड ओळीला लावली आणि हाणला. चेंडू लिंबाकडं. वीरेशनी मारला, तोही लिंबाकडं. "बघा, हे डबडंच वढून ऱ्हायलंय उजवीकडं," वीरेश म्हणाले. मग दोघांनी आपापल्या गोल डोक्याच्या काठ्या घेतल्या, मान वर करून चिंच पाहिली आणि मारलं. दोन्ही चेंडू चिंचेकडं सरळ गेले.

यांचा चेहरा उतरला. "माझं मन राखायला मुद्दाम वाकडं मारू नका नरसिंग. आजारातून उठल्यापासून पत्त्यांतही तुम्ही दर डाव मुद्दाम हरताय, ते काय मला दिसत नाही?" नरसिंग खाली बघायला लागले, कारण ते तर खरं होतं. आता यांना काहीही सांगून पटलं नसतं.

माझं डोकंच फिरलं. मी जन्माची लातूरच्या क्वार्टरमधली, मला ओळ, तिफण काही कळत नाही. गोल्फही वर्षातून एकदा, मारावंसं वाटलं तर. मी यांच्या हातातून ड्रायव्हर ओढून घेतला आणि पदर खोचला.

"वैनी, वाकडं धरलंय," नरसिंग म्हणाले. "कड ओळीला लागंना."

"तुमची ओळ तुमच्यापाशी ठेवा. मला चिंच दिसतेय, मी चिंचेला मारणार."

मारला. लांब गेला नाही, चढावरच पडला. पण अगदी चिंचेच्या रेघेत पडला. वीरेश म्हणाले, "लागला एखादा." मी दुसरा मारला, रागानं. तोही तिथंच, पहिल्याशेजारी.

कुणी काही बोलायच्या आत ग्यानोबा भाऊजी बांधावरून उठले. खुंटीपाशी आले, ओळीवर उकिडवे बसले, एक डोळा मिटला, मग तो उघडून दुसरा मिटला. आणि ओळीओळीनं चालत चढावर गेले. तिथं पाठमोरे बराच वेळ उभे राहिले. तिथून त्यांना काय दिसत असेल, ते मला हळूहळू उमगायला लागलं. बाकीच्यांच्या ध्यानात काही आलं नव्हतं. भाऊजी परत येऊन नुसतं बसले असते, तर हा डबडा ड्रायव्हर पुण्याला गेला असता आणि मुरुडात त्यांची ओळ सरळच राहिली असती. मीही बोलले नसते. कुणाची पन्नास वर्षांची अब्रू मी कुठल्या तोंडानं मोडणार?

ते परत आले आणि यांच्यासमोर उभे राहिले. टोपी काढून हातात घेतली.

"आनंद, ओळ लिंबाला गेलीय."

"काय?"

"यंदाची समदी पेर लिंबाला गेलीय. दोन सालापासून डाव्या डोळ्यात दुधासारखं आलंय. पेरताना मी चिंच म्हणून लिंब धरला. मला आज कळलं. तुझा हात गेला न्हाई. तू माझ्या ओळीवर बराबर मारून ऱ्हायलाव. माझीच ओळ चुकली."

नरसिंग आणि वीरेश दोघंही एकदम आपापल्या बुटांकडं पाहायला लागले. मुरुडात असं बोललेलं सांजेपर्यंत घराघरात जातं, हे सगळ्यांना ठाऊक होतं, ग्यानोबांना तर जास्तच.

यांनी काढलेला हातमोजा खिशात कोंबला. मग म्हणाले, "डोळ्याचं मला सांगितलं का नाहीस?"

"तू तरी हाताचं सांगितलाव का? मला साखरीकडनं कळलं, तिला वैनीकडनं."

"येड्या," हे म्हणाले. एवढंच म्हणाले, पण भाऊजींच्या खांद्यावर जो हात ठेवला तो डावा होता.

मग हातमोजा परत चढवला. चेंडू ठेवला. या खेपेला कड ओळीला लावली नाही, मान वर करून चिंच पाहिली आणि तिच्या रेघेत ड्रायव्हर टेकवला. धसकटांशी तो चांगलाच तिरपा दिसत होता. डब्याचा आवाज झाला आणि चेंडू चिंचेच्या शेंड्याच्या रेघेत वर चढला. आम्ही सगळे चढापर्यंत भराभर चालत गेलो, कुणी पळालं नाही, पण चालणंही तसं राहिलं नव्हतं. चेंडू सारवलेल्या खळ्याच्या कडेपासून चार पावलांवर पडला होता.

मला रडू आलं. मी पदरानं तोंड पुसत होते, तेवढ्यात हे माझ्याकडं वळून म्हणाले, "तू पाय फार जवळ ठेवतेस. आणि मारताना डोकं वर करतेस. किती वर्षं सांगतोय." मी म्हटलं, "माझे दोन्ही चेंडू रेघेत पडले, तुमचे तीन कुठं गेले ते लिंबाला विचारा." परतताना गाडीत मुरुडपासून लातूरच्या शिवेपर्यंत आम्ही भांडलो. इतका चांगला रविवार मला कित्येक महिन्यांत मिळाला नव्हता. ज्वारीचं पीठ तेवढं विसरलं.

एप्रिलमध्ये ग्यानोबांच्या डोळ्याचं ऑपरेशन लातूरला झालं. आठ दिवस ते आमच्याकडं राहिले. ते काळा चष्मा लावून आणि हे शेजारी बसून, दोघं दिवसभर गोल्फ बघायचे, आणि टीव्हीवर एखाद्याच्या हातात विचित्र डोक्याची काठी दिसली की ग्यानोबा विचारायचे, "कड सरळ हाय का त्याची?" वीरेशनी मे महिन्यात हळूच मला विचारलं, की असलंच आणखी एक कुठं मिळेल का, फक्त कुणाला सांगू नका. मी अर्थात नरसिंगना सांगितलं. नरसिंगना पण पाहिजे होतं.

ऑक्टोबरात ज्वारीच्या पेरणीला भाऊजींनी आम्हाला बोलावलं. बाकीचं रान त्यांचा मुलगा हरिओम ट्रॅक्टरनं पेरतो, पण पहिली ओळ अजून बैलाच्या तिफणीची. भाऊजींनी फोनवर बजावलं होतं, "ते डबडं घेऊन या." त्यांनी तिफणीपुढं जमिनीवर ड्रायव्हर ठेवला, त्याची कड चिंचेच्या शेंड्याला जुळवली आणि उकिडवं बसून तिच्यावरून नजर लावली. बांधावर गावातली सात-आठ माणसं उभी होती, यंदा काय होतंय ते बघायला. मार्चमधली गोष्ट तोवर सगळ्यांना ठाऊक झाली होती.

हे कुणाला न सांगता चालत रान ओलांडून गेले, मी मागोमाग चढापर्यंत गेले. हे चिंचेखाली उभे राहिले आणि सोबत नेलेला खळ्यावरचा लाल झेंडा डाव्या हातात उंच धरला, चढाअलीकडून टोक दिसेल इतका.

"आनंद, बाजूला हो," भाऊजी तिफणीपासून ओरडले. "दिसून ऱ्हायलीय मला चिंच."

यांना ऐकू गेलं असणार, कारण यांनी मान हलवली. पण हलले नाहीत. बैल निघाले, चढावरून पलीकडं गेले, आणि पहिली ओळ यांच्या बुटांपाशी येऊन थांबेपर्यंत तो डावा हात वरच होता.