ब्रॅडस्टोनसाहेबांचा शोध

अक्षताने नावाचं स्पेलिंग बदलून पुन्हा बटण दाबलं आणि ती खुर्चीच्या अगदी कडेला सरकून बसली. सांगलीच्या त्या सायबर कॅफेत एक पान उघडायचं म्हणजे मधे चहा पिऊन यावा इतका वेळ. अखेर पडद्यावर ब्रॅडस्टोन नावाचं एक मोटारींचं दुकान अवतरलं. विचारवंत काही आला नाही.

"बाई, ह्यो मानूसच न्हाई."

"विश्वकोशात बघितलंस?" आम्रपालीने विचारलं.

"बघितलं. इंग्रजी कोशात बी न्हाई. आनि बाई, इंग्लंडात उसाला पानी पाजायला दारं धरत्यात व्हय?"

आम्रपालीला हसू आवरेना. कुंडलच्या अलीकडच्या एका गावात ती शाळेची ग्रंथपाल होती. आल्या आल्या तिने पुस्तकांच्या कपाटांची कुलपं काढून टाकली होती, आणि हल्ली दर रविवारी चार-पाच पोरांना एसटीत घालून ती सांगलीला आणत असे. कुणी काहीही सांगितलं तरी 'कशावरून?' विचारायचं आणि दोन ठिकाणी सापडल्याखेरीज खरं धरायचं नाही, एवढंच तिने त्यांना शिकवलं होतं. ते आता असं अंगाशी येणार होतं.

कारण ब्रॅडस्टोन हे मुख्याध्यापक आकाराम मोहिते सरांच्या भाषणातले होते. साताऱ्याच्या वक्तृत्व स्पर्धेसाठी दरसाल भाषण सर लिहीत आणि मूल ते हातवाऱ्यांसकट पाठ करी. सगळ्याच शाळांत तसं चाले. यंदा पाळी अक्षताची होती. विषय होता वाचनाचं महत्त्व, आणि भाषणात हे वाक्य होतं: "थोर इंग्लिश विचारवंत विल्यम ब्रॅडस्टोन म्हणतात, पुस्तक म्हणजे पाटाचे पाणी, जो जागून दारे धरील, त्याचेच रान भिजेल."

सोमवारी तिने सरांना सरळच विचारलं.

"सर, हे ब्रॅडस्टोन तुम्हाला कुठं भेटले?"

सरांनी टेबलावरचे कागद उगाच सारखे केले.

"वाचलं असेल कुठंतरी. परीक्षकांना मोठी नावं लागतात, मॅडम. आपण खेड्यातली माणसं. आपल्या नावावर काय खपतंय?"

"पण पोरांना 'कशावरून' म्हणायला मी शिकवलंय. आता खोटं पाठ कर, असं कुठल्या तोंडानं सांगू?"

"मग सांगू नका." सरांचा आवाज चढला. "पण त्या भाषणातला शब्द जरी हलला, तर तुमची रविवारची सांगली बंद. कपाटांना कुलपंही लागतील."

"लावा. पण मी अक्षताला पाठ कर म्हणणार नाही."

ती तावातावाने बाहेर पडली खरी, पण व्हरांड्यात येताच तिला पोरांचे रविवार आठवले. या रविवारांसाठी तिने एकेका पोराच्या घरी जाऊन हातापाया पडल्यागत विनवलं होतं. तरीही अक्षतापासून तिने काही लपवलं नाही. रविवार, कुलपं, सगळं सांगून टाकलं.

"आता काय बोलायचं ते तू ठरव."

अक्षताने भाषणाचा कागद उघडून पुन्हा वाचला.

"वाक्य लय भारी हाय, बाई. ते टाकवत न्हाई."

साताऱ्याच्या सभागृहात सर पुढच्या रांगेत बसले होते. अक्षता बोलत होती आणि तिच्याबरोबर सरांचेही ओठ हलत होते. ब्रॅडस्टोन जवळ आले तशी आम्रपालीने पर्सचा पट्टा मुठीत गच्च धरला. सरांच्या ओठांनी 'थोर इंग्लिश विचारवंत' म्हटलं. अक्षता थांबली होती.

मग तिने हातवारा न करता ते पाण्याचं वाक्य म्हटलं. पुढचं मात्र कुणीच लिहून दिलेलं नव्हतं.

"हे वाक्य एका इंग्लिश विचारवंताचं आहे, असं मला पाठ करायला दिलं होतं. मी त्यांना कोशात शोधलं, इंटरनेटवर शोधलं. ते कुठंच नाहीत. हे वाक्य आमच्या आकाराम मोहिते सरांचं आहे. कशावरून? तर सरांचं रान आमच्या रानाला लागून आहे. पहाटे बॅटरी घेऊन दारं धरताना मी त्यांना पाहिलंय. आणि गावातली निम्मी पोरं त्यांच्यापाशीच वाचायला शिकली."

सभागृहात चुळबुळ झाली. घंटेवर हात ठेवून बसलेल्या वयस्कर परीक्षकबाईंनी चष्मा वर केला.

"ते सर आलेत का इथं?"

आम्रपालीला वाटलं, आता हा माणूस मान खाली घालणार आणि उद्या कुलपं घेऊन येणार. लावू दे. आपण पुन्हा काढू. तिने पट्टा सोडला आणि मान ताठ केली.

सर उठले. साताऱ्यात ते नेहमी पुस्तकी मराठी बोलत, ळ आणि ण अगदी जपून उच्चारत.

"आलोय."

"वाक्य तुमचं?"

"व्हय," सर म्हणाले. "माझंच हाय. मागल्या साली एक जर्मन होता, तो बी मीच."

हशा पिकला. सरांच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. अक्षताने पुढचं वाक्य सुरू केलं आणि ते हात मागे बांधून, तिचं भाषण संपेपर्यंत तसेच उभे राहिले.