चौतीस दात्यांची परात

ओरेस्तेने बूट काढले, मोजे काढले, टाचा भिंतीला टेकवल्या आणि ओर्नेलाने दिलेलं जाडजूड पुस्तक मांड्यांमध्ये धरलं. ती ते हळूहळू वर सरकवत होती.

"ताठ. पाठ सोडू नका."

"बेताने, पोरी. या वयात मला चर्चच्या पोरांमध्ये उभं राहून बारीक आवाजात गायचं नाहीये."

"हसू नका, रेघ हलते."

तिने पेन्सिलीने खूण केली. कोपऱ्यातला रेडिओ स्वतःशीच काहीतरी पुटपुटत होता. त्या भिंतीवर अशा रेघाच रेघा होत्या. इटलीतल्या ब्रेंबो नदीच्या खोऱ्यात ज्याने ज्याने आधी तिच्या वडिलांकडून आणि आता तिच्याकडून सायकलची फ्रेम करून घेतली, त्याच्या पायाची उंची तिथे नावासकट होती. ओरेस्तेची जुनी रेघही होती. नवी तिच्याखाली बोटभर उतरली होती, नेमकी 'तुल्यो' असं लिहिलेल्या रेघेवर.

ओरेस्ते वाकून बघत राहिला. आख्खं आयुष्य तो तुल्योला 'बुटक्या' म्हणत आला होता.

"वयाने सगळेच आटतात," ओर्नेला म्हणाली.

"हे त्याला कळलं असतं ना, तर सगळ्या गावाला कॉफी पाजली असती त्याने."

तुल्यो नोव्हेंबरात गेला. रविवारी दोघं सायकलने खिंडीपर्यंत चढून आले होते, आणि मंगळवारी सकाळी तो उठलाच नाही.

नव्या फ्रेमा खरं तर दोघांच्या व्हायच्या होत्या. पोलादाच्या, गडद हिरव्या, अगदी सारख्या. ठरून दोन वर्षं झाली होती, पण तुल्योचं दर वेळी काहीतरी निघायचं. आधी सर्दी, मग मुलीच्या घराचं रंगकाम, मग म्हणे हिरवा नको, विचार करू. "कंजूष आहेस," ओरेस्ते म्हणायचा. "आहे," तुल्यो म्हणायचा, आणि विषय तिथेच संपायचा.

आता एकच फ्रेम होणार होती. पोलादाच्या नळ्या ठरल्या, हँडलची रुंदी ठरली, चाकं ठरली, चामड्याची सीट ठरली. ओर्नेलाला वाटलं होतं तसा वेळ काही लागला नाही. ओरेस्तेने सगळा हिवाळा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून एकेका गोष्टीवर वाद घातला होता, एकदा स्वतःच्या बाजूने आणि एकदा तुल्योच्या. सीटच्या बाबतीत तुल्यो जिंकला होता.

मग तिने टेबलावर मागच्या चाकाचे दोन गिअर ठेवले. एकाचं सगळ्यात मोठं चक्र पंचवीस दात्यांचं, दुसऱ्याचं चौतीस.

मागचं चक्र मोठं तर चढ सोपा. पण खोऱ्यातल्या जुन्या गड्यांच्या हिशेबी जेवढा चढ सोपा, तेवढी इज्जत कमी. असल्या मोठ्या चक्राला ते परात म्हणत, आणि तुल्योएवढं तिच्यावर कुणी तोंडसुख घेतलं नसेल. "ती परात घरी ने, बायकोला मक्याचा पोलेंटा वाढायला होईल," असं तो वाटेत भेटलेल्या अनोळखी माणसालासुद्धा ऐकवायचा. गेली दोन वर्षं तर तो हट्टाने ओरेस्तेच्या मागेच राही. "तू हो पुढे, वारा खा. मी मागून शिव्या घालतो." आणि घालायचाही, पार खिंडीतल्या बारपर्यंत. तिथे पोचल्यावर घालायची पाळी ओरेस्तेची. कारण तुल्यो अलीकडे सायकल उलटी टेकवायला लागला होता, चेनची बाजू भिंतीकडे करून. चेन बाहेर, तिला धक्का लागू द्यायचा नाही, हे इथे लहान पोरालाही माहीत. "रीत विसरलास, म्हाताऱ्या," ओरेस्ते म्हणायचा. तुल्यो कॉफीत साखर ढवळत राहायचा.

यंदा ओरेस्ते दोनदा निघाला आणि दोन्ही वेळा खिंडीच्या वाटेवरच्या देवळीच्या वळणावरून परत फिरला. गुडघा. सायकल क्लबातले सगळे म्हणाले, परात लाव, आता वयच आहे. समजूतदारपणे म्हणाले. हसलं कुणीच नाही.

त्याने पंचवीसच्या चक्रावर बोट ठेवलं.

"हे."

"आणि गुडघा?"

"त्याला मी सांगतो."

"देवळीच्या वळणावर उतरून चालावं लागेल. वर पोचणारच नाही तुम्ही."

"नाही तर नाही. वर आहे कोण?"

ओर्नेला मागच्या खोलीत गेली आणि एक चाक घेऊन आली. ओरेस्तेने चाक ओळखलं. क्रियाकर्म उरकल्यावर तुल्योच्या बायकोने त्याची सायकल इथेच आणून ठेवली होती, कुणी घेतली तर बघ म्हणून.

तिने चाक त्याच्यासमोर आडवं ठेवलं. त्यावरचं सगळ्यात मोठं चक्र काळं होतं, रंगवलेलं. ओरेस्तेने एका दात्यावर अंगठा दाबून धरला आणि दुसऱ्या हाताचं बोट पुढे पुढे नेत मोजलं. पुन्हा अंगठ्याशी आला. मग पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

"चौतीस."

"दोन वर्षांपूर्वी बसवून घेतलं. मला शपथ घातली होती त्यांनी. त्यावरचा दात्यांचा आकडा घासून काढायला लावला, आणि लांबून दिसू नये म्हणून काळा रंग."

"म्हणून मागे," ओरेस्ते म्हणाला. चाक जरा फिरवून म्हणाला, "म्हणून भिंतीकडे."

"फ्रेम पण म्हणूनच लांबवत होते. तुमच्यादेखत गिअर निवडायची वेळ आली असती ना."

ओरेस्तेने तोंड उघडलं. सुचलं होतं, आणि काय सुचलं होतं. असं जिव्हारी लागणारं, की तुल्योने पुढचे सगळे रविवार खाली मान घालून सायकल चालवली असती. त्याने दाराकडे पाहिलं. दारात ऊन होतं, आणि त्याची जुनी सायकल, चेनची बाजू बाहेर. त्याने तोंड मिटलं.

"मला हेच बसव," तो म्हणाला.

"अहो, नवीन आहे की."

"हेच. आणि रंग खरवडून काढ. चकचकीत झालं पाहिजे. मागून येणाऱ्याला दिसू दे."

मागून कोण येणार, हे ओर्नेलाने विचारलं नाही. तिने फडक्यावर रंग काढायचं औषध ओतलं. ती सुरुवात करणार तेवढ्यात अनवाणीच पुढे येऊन ओरेस्तेने फडकं तिच्या हातातून घेतलं, स्टूल ओढलं आणि चाक मांडीवर घेऊन बसला. एकेक दाता पुसू लागला. पुसता पुसता त्याचे ओठ हलायला लागले; त्यातलं 'बुटक्या' एवढं ऐकू आलं.

ओर्नेलाने त्याच्याकडे पाठ केली, कोपऱ्यात गेली आणि रेडिओचा आवाज वाढवला.