नूतनीकरणाचा दर

कल्याणरावांनी मागच्या वर्षीची पावती काउंटरवर ठेवली आणि तिच्यावर बोट दाबून धरलं.

"मागल्या साली सातशे. औंदा बाराशे मागायलात. आन् आमच्या गल्लीतल्या रंगनाथच्या पोरीचे पाचशेच. मासिक एकच, पोस्ट एकच. मग?"

परभणीतल्या एका औषधाच्या दुकानावरच्या खोलीत समाजाच्या वधू-वर मासिकाचं हे कार्यालय होतं. वर्गणी भरली की वर्षभर अंक घरी येई, आणि प्रत्येक अंकात मुलीचा फोटो नि माहिती छापून येई. काउंटरमागच्या रेणुकानं खुर्ची पुढे ओढली.

"त्यांचं पहिलं वर्ष आहे, काका. नव्यांना सवलत असते."

"माझं पाथरीत भुसाराचं दुकान हाय. जुन्या गिऱ्हाइकाला मी दोन पैसे कमी लावतो. तुमी उलटंच करायलात."

मागच्या बाकावर त्यांची मुलगी अनुपमा पर्सची चेन लावत होती, उघडत होती.

पहिलं वर्ष. वर्गणी पाचशे.
कु. अनुपमा, वय २६, एम. एस्सी. अपेक्षा : पुणे किंवा मुंबई, उच्चशिक्षित, स्वतःचं घर, आवडीनिवडी जुळाव्यात.

"मुलांचं किती घेता?"

"मुलांना नूतनीकरण निम्म्यात."

"का बरं?"

"मुलांची नावं कमी येतात, काका. तीच नसली तर मुलीवाले अंक कशाला घेतील?"

"म्हंजे त्यांचे बी आमीच भरायलोत."

रेणुका हसली. ते हसले नाहीत.

तिसरं वर्ष. वर्गणी सहाशे.
वय २८. अपेक्षा : नोकरदार किंवा व्यावसायिक.

"सातशेवरून एकदम बाराशे कसे, ते सांगा."

"पाच वर्षं झाली की नाव पुढच्या पानावर घेतो आम्ही. मागं राहिलं तर फोन येत नाहीत."

"मागंच राहू द्या. सातशे घ्या."

"तसा दर नाही."

"दर तुमीच ठरवायलात, आन् दर न्हाई म्हणायलात."

पाचवं वर्ष. वर्गणी सातशे.
वय ३०. अपेक्षा : निर्व्यसनी.

काउंटरच्या काचेखाली दरपत्रक होतं. कल्याणरावांनी चष्मा कपाळावर सरकवून ते वरून खालपर्यंत वाचलं. शेवटच्या ओळीवर थांबले.

"हे तीनशे कशाचे?"

"ते पुनर्विवाहाचं पान. तुमच्यासाठी नाही ते."

त्यांनी पावतीवरचं बोट उचललं. आवाज खाली आला.

"त्यात आधी लग्न झालेलंच लागतं का?"

रेणुकानं त्यांच्या खांद्यावरून मागं पाहिलं.

"तसं नाही. पहिलंच लग्न असलेल्या काही मुली आहेत त्यात. वयानं मोठ्या. लेकरं असलेला चालेल म्हणणाऱ्या."

खाली रस्त्यावर कुणीतरी बराच वेळ हॉर्न वाजवत राहिलं. कल्याणराव मागं वळले नाहीत.

"लिहा," अनुपमा बाकावरूनच म्हणाली.

कल्याणरावांच्या सदऱ्याच्या खिशात पाचशेच्या तीन नोटा होत्या. त्यांनी एक काढली. रेणुकानं दोनशे परत दिले. ते त्यांनी न बघताच खिशात टाकले.

जिना उतरून दोघं ऑटोची वाट बघत उभे राहिले, तेव्हा घरून नागुबाईंचा फोन आला. कल्याणरावांना कमी ऐकू येई, म्हणून स्पीकर चालूच असे.

"झालं का वो? किती घेतले?"

"तीनशे."

"तीनशे? बघा, मी म्हणत नव्हते? त्या रंगनाथच्या बाईला सांगते आता, पाचशे मोजून आलीया मोठी. तुमाला बोलायला येतंय, फकस्त तुमी बोलत न्हाई."

कल्याणराव फोन हातात धरून समोरच्या दुकानाच्या पाटीकडे बघत होते.

"अवो, ऐकायलात का? पुढल्या साली परत वाढवतील का?"

अनुपमानं फोन धरलेला त्यांचा हात आपल्याकडे वळवला.

"न्हाई, आई," ती म्हणाली. "ह्यात दर वाढत न्हाई."