टाकीवरचा उलटा काटा

मी काटा बोलतोय. घड्याळाचा नाही हो! मान वर करा... अजून वर... हां! कुडाळच्या बाहेर नवीन कॉलनी झालीय ना, तिच्या पाण्याच्या टाकीवरचा लाल काटा, तो मी. जन्म ठाण्याच्या वर्कशॉपमधला, म्हणून बडबड जरा जास्त.

काम एकदम सोप्पं. टाकीच्या आत फुगा तरंगतो, बाहेर मी लटकतो, दोघांत एकच दोरी, कप्पीवरून. पाणी चढलं की फुगा वर आणि मी खाली. म्हणजे मी तळाला, तर टाकी फुल्ल! म्हणूनच माझ्या पट्टीवर शून्य सगळ्यात वर होतं. पंप चालवणारा दत्तप्रसाद मला बघूनच बटण दाबायचा. मस्त चाललं होतं!

मग टाकी रंगवायला बाळा पेंटर आला. "शून्य वर? खुळो होतो काय आधीचो पेंटर?" म्हणाला, आणि शून्य तळाला आणून सगळे आकडे उलट्या क्रमाने लिहून गेला. ओरडायला मला तोंड कुठंय!

दुसऱ्याच दिवशी टाकीखालच्या जानकीकाकींकडे लेकीची, स्वप्नाची हळद. नवऱ्याकडची माणसं उष्टी हळद घेऊन निघालेली. काकींनी वर बघितलं आणि किंचाळल्याच.

"दत्तू, शून्य! व्याही इले आनी टाकी रिकामी?"

"काकी, काटो खाली म्हणजे टाकी भरलेली."

"उद्या रिकामी पत्रावळ दाखवून पोट भरला म्हणशीत! चालू कर पंप!"

दत्तूने माझ्याकडे बघितलं, मग आकड्यांकडे. इतक्या वर्षांची दोस्ती, आणि विश्वास रंगावर! दाबलं बटण.

टाकी उतू गेली. धो धो पाणी थेट मांडवावर, नेमकं व्याही आत पाऊल टाकताना! नवऱ्याची आत्या सावित्री जरीच्या साडीसकट चिंब, हातातली हळद पार धुतलेली. बँड गप्प. काकी रडकुंडीला. मोडलं आता लग्न!

आत्याने पदर पिळला.

"ओ जानकीबाय, आमच्याकडे नळाक चार दिवसांनी पाणी येता. तुमची मुलगी नको आमका!"

काकींनी कपाळावर हात मारला.

"आमचो नवरोच हयच ऱ्हवांदे!"

सून न्यायच्या ऐवजी नवराच इथे ठेवायचा म्हणे! असा हशा पिकला म्हणता! बँडवाल्यांनी परत सुरू केलं, आणि स्वप्ना त्याच पाण्यात नाचली.

आता बाळा शिडी लावून उभा आहे, आणि आकडे बदलायचे की नाही यावर खाली अख्खी कॉलनी भांडतेय. भांडा निवांत! तोवर एवढंच ऐका. मी तळाला दिसलो ना, तर बिचारा घसरला म्हणून हळहळू नका. मी खाली उतरतो, तेव्हाच तुमचं पाणी वर चढलेलं असतं.