तक्रारीची पंगत

आमच्या इंजिनिअरांच्या संघटनेत तक्रार मिटवायची एक जुनी रीत आहे. दोघांना एका पंगतीला बसवायचं. एकत्र रस्सा ओरपला की तक्रार संपली, असं तक्रार समितीचे अध्यक्ष बाळासो मानतात. आजवर एकही तक्रार उरलेली नाही. तक्रार करणाऱ्याही फारशा उरलेल्या नाहीत.

शिरोलीच्या अधिवेशनात संघटनेचे माजी अध्यक्ष विश्वजितरावांनी तरुण इंजिनिअर निशिगंधाला स्टॉलमागं गाठून कमरेला हात घातला. तिनं त्याच संध्याकाळी बाळासोंना फोन केला.

"या की उद्या दुपारी हॉलवर. तुमचं एकटीचंच ऐकतो."

ती आली, तर अख्खी समिती पंगतीला बसलेली, ताटं मांडलेली आणि रिकाम्या खुर्चीशेजारी विश्वजितराव. ती दारातच थांबली. मागून कुणीतरी दार लावून घेतलं. माश्या येतात म्हणे.

"बसा ताई," बाळासो म्हणाले. "जेवल्यावर बोलू की."

ती बसली. विश्वजितराव पांढऱ्या रश्श्याचं भांडं घेऊन उठले, तिच्या मागं आले आणि खांद्यावर हात ठेवून वाकले. "पोरी, वाढू का?"

एवढा मोठा माणूस स्वतः वाढतोय, म्हणून समिती कौतुकानं बघत होती.

निशिगंधानं वाटीवर तळवा धरला.

"काल यांनी असंच मागनं येऊन धरलं," ती म्हणाली. "आज तुमच्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत हात लावलाय. आता सांगा, बघितलं न्हाय म्हणून."

समितीनं ताटांत बघितलं. मग बाळासो विश्वजितरावांना चाचरत म्हणाले, "दादा, हात काढा."