सर ओरडेनासे झाले

माझी ताई सर्जन होतेय. म्हणजे डॉक्टर कधीच झाली, आता माणसं उघडून परत नीट शिवायला शिकतेय. आमच्या घरात तिच्याइतकं शिकलेलं कुणी नाही आणि माझ्याइतकं बोलणारं कुणी नाही!

तिचे मोठे सर पूर्वी ऑपरेशन चालू असतानाच खेकसायचे. "अगं, सुई मनगटानं फिरव! खांद्यानं काय ढकलतेस, गाडी बंद पडलीय का?" ताई घरी येऊन भोकाड पसरायची. मग आठवडाभर नुसती मनगट फिरवायची, जेवताना हातात चमचा असला तरी. आणि टाका सुधारायचा.

मग वरून हुकूम आला, शिकणाऱ्यांना लागेल असं बोलायचं नाही. सरांना प्रशिक्षणाला बसवलं. आधी कौतुक, मग सूचना, मग परत कौतुक. सर परतले ते पाकात बुडवल्यासारखे. मी तर टाळ्याच पिटल्या.

शुक्रवारी ताईला त्यांच्यासमोर हर्नियाचं अख्खं ऑपरेशन करायचं होतं. जमलं तर पुढची तिची तिनं करायची, नाहीतर आणखी सहा महिने दुसऱ्यासाठी चिमटे धरून उभं राहायचं.

ती घरी आली ती चप्पल न काढताच बसली. "मध्येच सुई घेतली माझ्या हातातून. अगदी प्रेमानं. म्हणाले, अजून थोडा वेळ घेऊ या."

"मग विचारायचं ना तोंड उघडून!"

"विचारलं. म्हणाले, मेहनत दिसते, थोडी सफाई हवी, बाकी तू गुणी आहेस."

"गुणी म्हणाले ना? मग झालं तर," आई म्हणाली. ताईनं तिच्याकडे असं पाहिलं की आई दूध बघायला आत गेली.

"पण सुई घेतली तेव्हा तू करत काय होतीस?"

"टाके घालत होते. मला ते बरे वाटत होते गं. तीच तर पंचाईत आहे."

तिनं जुनी उशी ओढली, सुई-दोरा घेतला आणि तसेच टाके घालून दाखवले. "बघ. आणि ओरड मला. मोठ्यानं ओरड."

मी उशीवर वाकले. माझा आवाज मैदानाच्या पार त्या टोकाला जातो. टाके एका ओळीत होते, सगळे सारखे.

"ताई, कशावरून ओरडू?"

तिनं टाके कापले आणि पुन्हा घालायला घेतले. अगदी तसेच.