दोनदा लांबवलेला, एकदा कापलेला पलंग

मी एक जुना पलंग आहे. लहान मुलाचा. मित्रांनो, पलंग म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर जे येतं, तसं माझ्यात आता फारसं काही उरलेलं नाही. मला पाय नाहीत. अंगावर दोन ठिकाणी जोड आहेत आणि जोडाचं लाकूड मूळ लाकडापेक्षा फिकं आहे. बघणाऱ्याला वाटावं, कुणा शिकाऊ पोराने माझ्यावर हात साफ करून घेतलाय. तसं मुळीच नाही. मला घडवणारा सुतार पहिल्या नंबरचा. त्याने बसवलेलं दार भर पावसातही अडत नाही. मग माझी अशी दशा का झाली, तेच सांगायला बसलोय. बसलोय म्हणजे काय, पाय नसल्यावर दुसरं करणार तरी काय?

मूळचा मी एका शाळेचं दार. शाळा नव्याने बांधायला घेतली तेव्हा जुनी दारं निघाली, त्यातलं एक या सुताराने आणलं. दारपणातलं मला काही आठवत नाही, फक्त मधल्या सुट्टीचा गलका कानात राहिलाय. म्हणूनच असेल, पोरांचा आवाज नसला की मला करमत नाही.

आणि या घरात तर पोर नव्हतंच. सुतार दिवसभर आपल्या सुतारकामाच्या कारखान्यात. बायको शहराची बस चालवायची. मोठ्या आवाजाची, झटपट निर्णय घेणारी बाई. दोघांनी मूल दत्तक घ्यायचं ठरवलं, अर्ज केले, आणि एक दिवस संस्थेकडून जाडजूड पाकीट आलं. दूरच्या देशातल्या एका बालगृहातली दीड वर्षाची मुलगी. पाकिटात तिचा फोटो होता, वजन होतं, उंची होती, टोचलेल्या लशींची यादी होती. बायको फोटोच घेऊन बसली. सुताराने कानामागची पेन्सिल काढली आणि उंची तेवढी लिहून घेतली. अडीच फूट.

त्याच आठवड्यात त्याने मला करायला घेतलं. बायको म्हणाली, "अहो, जरा लांब करा. पोरं वाढतात."

"अगं, पोर दोन महिन्यांत येतंय. मोठ्या पलंगात ते हरवल्यासारखं होईल."

झालं, मी बेताचाच झालो. पण देखणा! कातीव पाय चार, प्रत्येकाला कोरलेली तीन-तीन गोल कडी, कडेला कठडा, अंगाला असं पॉलिश की खिडकी माझ्यात दिसावी. स्वतःच्या तोंडाने सांगू नये, पण त्या चार पायांचा मला फार गर्व होता.

दोन महिने झाले, चार झाले. पोर काही येईना. कधी तिकडचा शिक्का चालेना, कधी इकडची सही जुळेना. एकदा तिकडचा कायदाच बदलला आणि सगळे कागद पुन्हा पहिल्यापासून. संस्थेची बाई घर बघायला यायची. प्रश्न विचारून विचारून ती भंडावून सोडायची, म्हणून घरात तिचं नाव चौकशीबाई पडलं होतं. पहिल्या भेटीतच तिने मला हलवून पाहिलं आणि मग खात्री करायला चक्क माझ्यावर बसली. बाई चांगलीच भरभक्कम. सुताराचा जीव टांगणीला लागला. मी मात्र हूं की चूं केलं नाही. वहीत 'पलंग मजबूत' असं लिहून ती उठली.

वर्षाने तिकडून नवी उंची कळली. सुतार कागदाकडे बघत राहिला. मग मला कारखान्यात नेलं, पायथ्याशी जोड दिला आणि वीतभर लांबवलं. पुढच्या वर्षी पुन्हा वीतभर. त्याला लांब फळ्या मिळत नव्हत्या असं नाही. हाताला काही चाळा नसला तर त्याला वाट बघवत नसे, म्हणून तो मला लांबवायचा. समोरचा इस्त्रीवाला म्हणायचा, "सुतारदादा, पलंग वाढतोय झपाट्याने. पोर कुठाय?" सुतार हसायचा आणि घरी आल्यावर धड जेवायचा नाही. त्या दिवसांत मला खरंच वाटायचं, आपण असेच रिकामे म्हातारे होणार.

आणि एका सकाळी ती आली! चार वर्षांची. दारातून आत आली ती सरळ धावतच सुटली. या खोलीतून त्या खोलीत, त्या खोलीतून गॅलरीत, पुन्हा पहिल्या खोलीत. बायको म्हणाली, "ही तर भिंगरी आहे." तेच नाव पडलं. तिची भाषा घरात कुणाला येत नव्हती. बायकोने बस उभी असताना वहीतून पाठ केलेले वीस-पंचवीस शब्द होते, तेवढ्यावर संसार सुरू झाला. खाणं जमलं, अंघोळ जमली, इस्त्रीवाल्याशी दोस्तीसुद्धा जमली.

जमेना ते एवढंच. ती माझ्यावर झोपेना.

मला पाहिलं की ती मान हलवायची. उचलून ठेवली की अंग ताठ करायची, डोळे भरून यायचे, आणि हात सुटला की खाली उतरून माझ्याखाली जाऊन झोपायची. फरशीवर, भिंतीला पाठ लावून. नवी चादर झाली, चांदण्यांची उशी झाली, कठड्याला रंग झाला. सुतार स्वतः माझ्यावर आडवा होऊन घोरून दाखवायचा. ती हसायची आणि खाली जायची. मित्रांनो, अडीच वर्षं जिच्यासाठी अंग वाढवलं, ती आपल्या सावलीत झोपते पण आपल्यावर नाही. मला फार वाईट वाटलं. सुताराला तर माझ्याहून जास्त. एकदा तो बायकोला हळू आवाजात म्हणाला, "तिला हे घर आपलं वाटतच नाहीये. आपण तिला उगाच तर आणलं नाही ना तिच्या माणसांतून?" मोठ्या आवाजाची ती बाई उठली आणि माझ्याखाली वाकून पोरीच्या अंगावर पांघरूण घालून आली.

पंधरा दिवसांनी रविवारी सकाळी चौकशीबाई विचारपूस करायला आली. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "पलंग मजबूत आहे का ते मी पाहिलं. पोर कसं झोपतं ते तुम्हीही विचारलं नाहीत आणि मीही नाही." तिला तिकडची भाषा येत होती. तिने तिथूनच बालगृहातल्या मावशींना फोन लावला. बोलता बोलता तिचा चेहरा बदलला.

फोन ठेवून ती म्हणाली, "तिथे सगळी मुलं खाली गाद्या टाकून ओळीने झोपतात. पलंग फक्त आजारी मुलांच्या खोलीत. ज्याला ताप येतो, त्याला पलंगावर ठेवतात आणि दार लावून घेतात. मग कुणी भेटायला जायचं नाही. हिला वाटतं, तुम्ही हिला आजारी समजताय."

सुतार उठला, करवत घेऊन आला आणि मला उलटा केला.

आता खोटं कशाला बोलू? मी घाबरलो. ते माझे कातीव पाय होते! पहिला पाय निघाला तेव्हा भिंगरी दाराआडून बघत होती. दुसऱ्याला ती जवळ येऊन बसली. तिसऱ्याला तिने भुशाची मूठ भरून सुताराच्या डोक्यावर ओतली. चौथ्या पायाला सुताराने करवतीची मूठ तिच्या हातात दिली, वर आपला हात ठेवला, आणि दोघांनी मिळून तो पाय कापला. कापताना ती इतकी हसत होती की करवत सारखी अडकत होती. माझं म्हणाल तर चौथ्या पायाचं मला काहीच वाटलं नाही.

मग मला जमिनीवर ठेवलं. बायकोने आपली गादी आणून माझ्या एका बाजूला टाकली, सुताराची दुसऱ्या बाजूला. झाली की ओळ! दुपारची वेळ होती. दमलेली भिंगरी, केसांत भुसा तसाच, आधी या गादीवर लोळली, मग त्या गादीवर, आणि शेवटी मध्ये येऊन माझ्यावर आडवी झाली. एक हात आईच्या गादीवर, एक पाय शेजारी लवंडलेल्या बाबाच्या पोटावर. पाच मिनिटांत गाढ झोपली. बायकोने चौकशीबाईला खुणेनेच सांगितलं, चहा तुमचा तुम्ही करून घ्या. सुतार छताकडे बघत रडत होता. मी पाहिलं. पोटावरचा तो इवलासा पाय हलू नये म्हणून तो रडतानासुद्धा हलत नव्हता.

पुढे मी काय काय झालो म्हणून सांगू? होडी झालो, दुकान झालो, बाहुल्यांचं इस्पितळ झालो. नऊ वर्षांची झाल्यावर भिंगरीला मी पुरेना. सुताराने पेन्सिल काढली, तर ती म्हणाली, "बाबा, पुरे आता. याचा साप होईल." मग तिला मोठा पलंग आला आणि मी कारखान्यात भिंतीला टेकून उभा राहिलो. माझ्यावर फळ्या रचल्या, रंगाचे डबे ठेवले. एका मांजरीने माझ्या आडोशाला दोनदा पिल्लं घातली, तेवढीच काय ती जाग. आठवण काढणारं कुणी नव्हतं. वाईट वाटायचं, पण रुसून बसायला आपण काही पाहुणे नाही.

भिंगरी आता बाबाच्या बरोबरीने रंधा मारते. मागच्या महिन्यात एक जोडपं कारखान्यात आलं. नवरा केस कापायचं दुकान चालवतो. त्यांना परदेशातून तीन वर्षांचा मुलगा मिळणार होता, त्याच्यासाठी पलंग हवा होता. भिंगरी म्हणाली, "पलंग देऊ. आधी तिथल्या मावशींना फोन करून विचारा, पोर झोपतं कसं."

चार दिवसांनी दोघं परत आली. जोडप्यातली बायको जरा ओशाळूनच म्हणाली, "पालथा झोपतो म्हणे. आणि हातात एक चप्पल लागते. तिथल्या स्वयंपाकीणबाईंची जुनी. अंथरुणात चप्पल म्हणजे कसंसंच वाटतं, ताई. ती आम्ही हळूहळू सोडवू."

"काकू, चप्पल धुवा," भिंगरी म्हणाली. "सोडवू नका."

मग तिने माझ्यावरचे डबे उतरवले आणि धूळ पुसली. "नवा कशाला? हा अनुभवी आहे," असं म्हणाली. मित्रांनो, एवढ्या वर्षांत मला कुणी असं म्हटलं नव्हतं.

तुमच्या घरी कुणी नवं आलं, लांबून आलं, तर माझं एवढं ऐका. त्याला आपल्या मापात बसवायला जाऊ नका. आम्हाला कापा, जोडा, उलटं करा, लाकडाला काही होत नाही. सध्या भिंगरी माझ्या कडेला एक लहानसा कप्पा बसवतेय, बरोबर एक चप्पल मावेल एवढा. मुलाचं त्याची आई बघेल. चपलेचं मी बघतो.